ट्रंकेतल्या ३४ कॅसेट : टाळेबंदीतल्या प्रकल्प नोंदी

२६ मार्च २०२०, गुरुवार

काल पाडवा, आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही कालच. बेळगावच्या शहापुरातल्या वाड्याच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आत ३४ कॅसेट आणि एक चिकट पानांचा अल्बम. कॅसेटची मोजदाद अशी: सी-६० (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांच्या) एकोणीस, सी-९० तेरा, सी-१२० दोन. सगळ्या दोन्ही बाजूंनी भरलेल्या धरल्या तर साडेबेचाळीस तासांचं ऐकणं. अल्बममध्ये ६१ फोटो, बहुतेक सुट्टीतल्या सहलींचे: गोकाकचा धबधबा, आंबोली, वेंगुर्ला, सौंदत्तीचा डोंगर.

कॅसेट वाजवण्याआधी करायचं पहिलं काम म्हणजे मागच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे टॅब मोडणे. टॅब शाबूत असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर दोन सेकंदांचा आलाप कायमचा जातो. १४ कॅसेटचे टॅब शाबूत होते, ते लहान स्क्रूड्रायव्हरने मोडले. मग प्रत्येक कॅसेटला मऊ पेन्सिलीने क्रमांक, आणि मूळ लेबल आहे तसं वहीत उतरवून घेतलं, चुकीच्या स्पेलिंगसकट. 'शनि. ९.३०' असं सहा कॅसेटवर आहे. म्हणजे आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम, जो १९५२ पासून चालत आला. तीन कॅसेटवर नुसतं 'कुमार'. एकीवर 'गोकाक, मे सुट्टी'. सात कोऱ्या, म्हणजे लेबल नसलेल्या.

२९ मार्च, रविवार

यंत्रं दोन. एक टू-इन-वन, चालू. दुसरा डबल कॅसेट डेक, आवाज जास्त चांगला, पण आतला पट्टा वितळून काळं डांबर झालेला. तूर्त टू-इन-वनवरच काम.

हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं, ९९ टक्क्यांचं. औषधाच्या दुकानात स्पिरिट संपलेलं, हँड सॅनिटायझरचा एकच खोका. सॅनिटायझर हेडला लावायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं. हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून ते घालतात, आणि तेच हेडवर पातळ चिकट थर होऊन बसतं. त्यावर टेपची पूड जमते आणि वरचे सूर झाकले जातात. जेलचं सॅनिटायझर तर त्याहून वाईट. सर्जिकल स्पिरिटमध्येही तेलकट भाग असू शकतो. पारख सोपी आहे: काचेवर एक थेंब टाकून वाळू द्यायचा, तिरप्या उजेडात बघायचं. डाग राहिला तर नको. एका घरातून मोबाईल दुरुस्तीसाठी आणलेली अर्धी बाटली मिळाली, तिचा थेंब स्वच्छ वाळला.

कापसाची काडी जेमतेम ओली करून हेड, मग फीत ओढणारा कॅपस्टनचा धातूचा दांडा. सहा काड्या तपकिरी निघाल्या, सातवी पांढरी. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल लावलं नाही, रबर कडक होऊन चिरतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, ओलसर कापड, मग तासभर वाळवण.

२ एप्रिल, गुरुवार, रामनवमी

जोडणीत दिवस गेला. लॅपटॉपचं माइकचं भोक एकाच वाहिनीचं असतं, आणि आतला अॅम्प्लिफायर टेपचा आवाज फाडून टाकतो. त्यामुळे लाइन-इन असलेलं यूएसबी साऊंड कार्ड लागतंच. टू-इन-वनला लाइन-आउट नाही, म्हणून हेडफोनच्या भोकातून घेतलं. व्हॉल्यूमची चकती एकदा ठरवली आणि तिच्यावर खुणेची पट्टी चिकटवली.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. मिनिटाला १७.३ एमबी, तासाला साधारण १.०४ जीबी. सगळं मिळून ४४ जीबीच्या घरात, फ्लॅक (आवाज न गमावता फाइल आकसवणारा प्रकार) केल्यावर त्याच्या निम्मं-साठ टक्के. पातळी अशी की सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. मैफलीच्या टेपला सुरुवातीचं विलंबित ऐकून पातळी ठरवली तर द्रुत तराण्यात फाटते. आधी बाजूचा शेवट वाजवून बघायचा, मग ठरवायचं.

पहिल्याच फाइलमध्ये मोठी घूं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला, घूं गेली. बॅटरी दोन तास टिकते, म्हणजे एक सी-९० दोन्ही बाजूंनी बसते.

प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. वर्षानुवर्षं पडून गुंडाळी आवळलेली असते, तशीच वाजवली तर वेग मधेच ओढला जातो. सी-१२० याला अपवाद. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाड असते, जुन्या यंत्रावर पळवली तर ताणते किंवा रोलरला गुंडाळते. त्या दोन्ही नुसत्या वाजवूनच पुढच्या टोकाला न्यायच्या.

५ एप्रिल, रविवार

रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. साडेआठलाच यंत्रं प्लगमधून काढली. त्या वेळात देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झमध्ये हलली. टू-इन-वनची मोटर डीसी आहे, तिला याचा फरक पडत नाही. धास्ती व्होल्टेजच्या धक्क्याची होती. काही झालं नाही.

८ एप्रिल, बुधवार, हनुमान जयंती

आज कुमार गंधर्वांचा जन्मदिवस. ८ एप्रिल १९२४, गाव सुळेभावी, इथून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरचं. म्हणून 'कुमार' लेबलच्या तिन्ही कॅसेट आजच घेतल्या, क्रमांक ५, ६, ७.

पाच आणि सहा विकतच्या कॅसेटवरून उतरवलेल्या प्रती. सूं जास्त, बाकी ठीक. सातवी मात्र कुमारांची नाही. क्षयाच्या आजारात एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमारांनी तुकड्या-तुकड्यांची, मधे श्वासाला जागा ठेवणारी मांडणी घडवली. ती एकदा कानात बसली की विसरत नाही. सातवर लांब, सलग, एका दमातल्या ताना आहेत. घरगुती बैठक आहे, पेटी साथीला, मागे कपबशांचा आवाज. वहीत 'गायक अज्ञात, पुरुष, राग भीमपलास' असं लिहिलं. लेबलावर विश्वास ठेवून नाव पुढे चालवलं की पुढच्या पिढीला ते खोडता येत नाही.

या टेपवर रेकॉर्डिंगच्या वेळचीच विजेची बारीक घूं आहे. आपली घूं आधी घालवलेली असल्यामुळे ही टेपवरचीच, हे नक्की. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे वारंवारतांच्या आलेखात, ती ४८.५ हर्ट्झला दिसते. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे टेप ३ टक्के हळू वाजतेय असा हिशेब करून वेग १.०३१ पट केला. (२१ एप्रिलची नोंद पाहणे.)

१२ एप्रिल, रविवार

क्रमांक ११, 'गोकाक, मे सुट्टी'. आजवरची सर्वात मोलाची कॅसेट.

बाजू अ: ०० ते २२ मिनिटं रेडिओवरचं गाणं. २२:१० ला खट्, आणि मग आगगाडीचा डबा. कुणीतरी टेप सोबत नेलेला. लहान मूल स्टेशनांच्या पाट्या मोठ्याने वाचतंय: सांबरा, सुळेभावी, सुळधाळ, पाच्छापूर. शेवटी गोकाक रोड. मधे एक बाई 'अगं, खिडकीतून हात आत घे' म्हणते आणि लगेच गुणगुणायला लागते. गुणगुणणं भीमपलासातलं आहे.

ही लाइन १९९० च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होती. सांध्यांची खटखट स्वच्छ ऐकू येते, तेव्हा मोजली: एका मिनिटात ४१ सांधे. मीटरगेजचा रूळ १२ मीटरचा धरला तर मिनिटाला ४९२ मीटर, ताशी साडेएकोणतीस किलोमीटर. मोजताना चूक एकच होते: पुढच्या आणि मागच्या चाकांची जोडी मिळून एका सांध्यावर दोन-दोन ठोके पडतात, त्या पूर्ण झुबक्याला एक मोजायचं.

बाजू ब: ३० मिनिटं धबधबा, झुलत्या पुलावरची बोलणी, लांबवर भोंगा. घरच्या आज्जींना फोनवर ऐकवायची आहे. त्या सध्या निपाणीला लेकीकडे अडकल्या आहेत.

१७ एप्रिल, शुक्रवार

क्रमांक १९ सुरुवातीलाच तुटली, सुरुवातीच्या पांढऱ्या कोऱ्या पट्टीच्या (लीडरच्या) जोडापाशी. सेलोटेप लावायचा मोह टाळावा. त्याचा गोंद उन्हाळ्यात कडेने बाहेर येतो, शेजारच्या वेढ्याला चिकटतो आणि हेडवर बसतो. याला खास जोडपट्टी असते, ३.८१ मिलिमीटर फितीच्या रुंदीची. ती हेडला टेकणाऱ्या बाजूला नव्हे, उलट बाजूला लावायची. टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत एकदम कापायची, म्हणजे जोडावर टपकन आवाज येत नाही. पट्टी कोल्हापूरहून येणार होती, पण कोगनोळीला राज्याची हद्द बंद. कॅसेट पाकिटात घालून बाजूला ठेवली.

क्रमांक २३ चा फेल्टचा दाबगादीचा तुकडा गळून पडलेला. तो नसला की फीत हेडला नीट टेकत नाही, आवाज लांबून आल्यासारखा येतो. पाच स्क्रूंची कोरी कॅसेट उघडून तिच्या डबीत फीत हलवली. उघडताना डबी सपाट टेबलावरच, वरचं झाकण सरळ उचलायचं, आणि आतले दोन घसरते कागद कुठल्या बाजूला होते त्याचा मोबाईलवर आधी फोटो काढायचा. स्क्रू नसलेली, चिकटवलेली डबी असेल तर शिवणीत पातळ पातं घालून हळूहळू फोडावी लागते.

२१ एप्रिल, मंगळवार

आठ तारखेची चूक सापडली. क्रमांक ७ परत ऐकताना पेटी खटकत होती. मूळ फाइलमध्ये पेटीचा मधला सा २७७ हर्ट्झ, म्हणजे चोख काळी एक. वेग 'सुधारल्यावर' तोच २८६, काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मधे. पेटीचे सूर थोडे उतरतात-चढतात, पण सगळी पेटी अर्ध्या पट्टीने सरकत नाही. टेप बरोबर होता, वीजच ५० ची नव्हती. त्या काळात दक्षिणेच्या ग्रिडवर मागणी जास्त आणि वीज कमी, संध्याकाळी वारंवारता ४८-४९ वर उतरणं नेहमीचं होतं. शिस्त आली ती २००३ नंतर.

म्हणजे जुन्या टेपवरची घूं ही कर्नाटकात तरी वेगाची मोजपट्टी म्हणून धरू नये. तीन टक्के म्हणजे अर्धी पट्टी, गाण्यात ती खपत नाही. बदल मागे घेतला. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवली होती म्हणूनच घेता आला.

रेडिओच्या टेपसाठी मात्र पक्की मोजपट्टी मिळाली. मध्यम लहरीवर शेजारशेजारच्या केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. धारवाड ७६५ वर, तर शेजारी ७५६ आणि ७७४. रात्री लांबची केंद्रं येतात आणि दोन वाहक लहरींमधून ९ किलोहर्ट्झची बारीक शिटी तयार होते. कानाला ती जाणवतही नाही, स्पेक्ट्रोग्राममध्ये एक सरळ आडवी रेघ दिसते. क्रमांक १४ वर ती ९१८० ला आहे, म्हणजे टेप दोन टक्के जलद. वेग ०.९८ पट केला, रेघ ९००० वर आली. यासाठी 'चेंज स्पीड' वापरायचं, 'चेंज पिच' नव्हे. दुसऱ्याने सूर बदलतो पण लय तशीच राहते.

२६ एप्रिल, रविवार, अक्षय तृतीया

अल्बम. चिकट पानांवरचे फोटो ओढून काढले तर मागचा कागद सोलतो. शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून फोटोखालून करवतीसारखा पुढे-मागे. सुटत नसेल तिथे पानासकटच फोटो घ्यायचा. केस वाळवायचं यंत्र लावू नये, गोंद पातळ होऊन छापात मुरतो.

९ × १३ सेंटिमीटरचे छाप ६०० डीपीआयवर, साधारण २१०० × ३००० ठिपके. मागची बाजूही स्कॅन, तिथे तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असतो.

गोकाकचे नऊ फोटो, अल्बममध्येही 'मे सुट्टी'. पण घटप्रभेचं पाणी ५२ मीटर कड्याच्या पूर्ण रुंदीवरून तांबडंलाल कोसळतंय. मे महिन्यात तिथे काळा खडक दिसतो आणि एका कोपऱ्यात धार. शिवाय दोन बायकांच्या हातांत छत्र्या. हा पावसाळा आहे, जुलै ते सप्टेंबर. कॅसेट ११ वरचा धबधबाही भरलेला आहे, म्हणजे फोटो आणि टेप एकाच सहलीचे असावेत. वहीत लिहिलं: 'लेबल मे, पाण्यावरून पावसाळा, घरी विचारणे.'

३ मे, रविवार

आज्जींशी फोन. ऐकवण्याची पद्धत दोन प्रयत्नांनंतर ठरली.

व्हॉट्सअॅपवर ऐकू येईल अशी व्हॉइस नोट करून पाठवली तर तंबोरा नाहीसा होतो, नुसता गळा उरतो. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. मर्यादा तेव्हा, २०२० मध्ये, १०० एमबीची होती. १९२ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ४५ मिनिटांची बाजू ६५ एमबी होते, बसते. ऐकताना इअरफोन. सत्तरीपुढे वरचे सूर कमी ऐकू येतात, तेव्हा त्यांच्या प्रतीत ३ किलोहर्ट्झच्या आसपास ४ डेसिबल वाढवले. ही प्रत फक्त त्यांच्यासाठी, जपायची नाही.

प्रश्न विचारताना उत्तर पुरवायचं नाही. 'ही गोकाकची सहल ना?' असं विचारलं की समोरून 'हो' येतं, मग ती कुठलीही असो. आधी दोन मिनिटं नुसतं गाणं, मग गाडीचा तुकडा, मग 'काय ऐकू येतंय आज्जी?' एवढंच. आणि गप्प बसायचं, वीस-तीस सेकंद. फोनवर ती शांतता फार मोठी वाटते, तरी मोडायची नाही.

आज्जींनी सांगितलं ते जसंच्या तसं उतरवलं: गुणगुणणाऱ्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई. सहल मे मध्ये ठरली होती, घरात आजारपण आलं, म्हणून गणपतीनंतर गेले. लेबल आधीच लिहून ठेवलेलं. येताना करदंट, ती गोकाकची मिठाई, घेतलेलं. सात नंबरच्या बैठकीबद्दल म्हणाल्या, 'ते आमच्याच माडीवरचं. कप वाजतायत ना, ते मीच ठेवत होते.' गायकाचं नाव त्यांना आठवलं नाही. वहीत 'अज्ञात' तसंच ठेवलं, 'स्थळ: वाड्याची माडी' ही भर घातली.

९ मे, शनिवार

आवाज साफ करण्याबद्दल. इथे सर्वात जास्त नुकसान होतं.

सॉफ्टवेअर नमुना मागतं: 'फक्त गोंगाट' असलेला तुकडा निवडा. गाण्याआधीचे दहा सेकंद निवडले जातात, आणि तिथे तंबोरा चालू असतो. सॉफ्टवेअरला तंबोरा हा सतत चालणारा गोंगाटच वाटतो, ते तो सगळीकडून पुसतं. गायक हवेत टांगल्यासारखा होतो. नमुना तंबोऱ्याच्याही आधीचा घ्यायचा, जिथे फीत नुसती फिरतेय. तसा एक सेकंदही नसेल तर सफाई करायचीच नाही. केली तरी ३ ते ५ डेसिबल. बारा डेसिबलवर जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांची झणक, मरते.

घूं काढताना खाच, म्हणजे कापायच्या वारंवारतेचा पट्टा, अरुंद ठेवायची. काळी एकच्या सा ला, १३८.६ हर्ट्झला, कोमल रे १४८ च्या आसपास आणि शुद्ध रे १५६. विजेच्या ५० हर्ट्झच्या घूंचा तिप्पट सूर १५०, दोघांच्या मधे. रुंद खाच दोन्ही रे पातळ करते.

कॅसेट ११ वर सफाई शून्य. धबधब्याचा आवाज आणि फितीची सूं एकाच जातीची, सगळ्या वारंवारता सारख्या पसरलेल्या. सॉफ्टवेअर दोन्हीतला फरक ओळखत नाही. करून पाहिलं: धबधबा गेला, पुलावरची माणसं कोरड्या खोलीत बोलतायत असं झालं. क्रमांक २६ वर गाण्याच्या मधे कुकरच्या तीन शिट्या आहेत. त्या कापायची सूचना घरातून आली. कापल्या नाहीत. तो कुकर ज्या स्वयंपाकघरातला, ते आता उरलेलं नाही. गाणं दुसरीकडेही मिळेल. हवं तर ऐकण्याच्या प्रतीत शिट्या कमी करता येतील, मूळ प्रतीत नाही.

२० मे, बुधवार

दुकानं हळूहळू उघडतायत. डेकसाठी पट्टा मिळाला. माप घेताना पुल्यांवरून दोरा फिरवून लांबी मोजली, २३ सेंटिमीटर. पट्ट्याचा घेर त्याहून ५ ते १० टक्के कमी हवा, २१ चा बसवला. वितळलेला जुना पट्टा पुल्यांवरून अल्कोहोलने पूर्ण निघेपर्यंत नवा घालायचा नाही, घसरतो. पेपरच्या रबरबँडवर काम भागवता येत नाही. त्याची जाडी सारखी नसते, आणि तंबोऱ्याचा स्थिर षड्ज लगेच डोलायला लागतो. वेग तपासायला तंबोऱ्याइतका कडक परीक्षक नाही.

मग अॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन. हेडच्या एका बाजूचा रंग लावलेला स्क्रू. मूळ जागी बारीक खूण करून पाव फेऱ्याच्या आत हलवायचा, दोन्ही वाहिन्या मोनोत मिसळून ऐकायच्या. तबल्याच्या चाटीचा किनार जिथे सर्वात टोकदार लागतो तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला तो बिंदू वेगळा, कारण प्रत्येक रेकॉर्डिंग वेगळ्या यंत्रावरचं. क्रमांक ५, ७, ११, १४, २३, २६ डेकवर परत उतरवल्या. ११ वर धाकट्या जाऊबाईंच्या गुणगुणण्यात आता शब्दही लागतात.

६ जून, शनिवार

उद्या-परवा मृग. आज दुपारी वळवाचा मोठा पाऊस झाला, गडगडाट सुरू होताच सगळे प्लग काढले. बेळगावच्या पावसाळ्यात फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरते, म्हणून कॅसेट डब्यात घालण्याची घाई.

३४ पैकी ३३ उतरल्या. क्रमांक १९ जोडपट्टीची वाट बघतेय. तीन प्रती: लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, आणि ६४ जीबीचा पेनड्राइव्ह जो निपाणीला जाईल. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली नाही ना, हे ताडायचा आकडा) वहीत आणि फोल्डरमध्येही. रेडिओची आणि विकतच्या कॅसेटची गाणी घराबाहेर पसरवायची नाहीत, हक्क दुसऱ्यांचे आहेत. घरचे आवाज घरच्यांनी ठरवायचे.

कॅसेट उभ्या ठेवल्या, फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळून, हवाबंद स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्या. डबा स्पीकर आणि मिक्सरपासून लांब, माजघरातल्या कपाटात. माळ्यावर पुन्हा नाही, पत्र्याखाली फार तापतं.

बाकी कामं: क्रमांक १९ चा जोड. क्रमांक ७ च्या गायकाबद्दल शहापुरातल्या दोन जुन्या श्रोत्यांना ऐकवणे. अल्बमचे उरलेले २२ फोटो. आज्जी परत आल्या की माडीवर सात नंबर लावून, कपबशा कुठे ठेवल्या होत्या ते विचारणे. माइक कुठल्या बाजूला होता, ते त्यावरून कळेल.